ए.सी. बाधतो, की ए.सी.चं फिटिंग बाधतं?



दर वर्षी एप्रिल उजाडला की माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, घरी ए.सी. बसवावा का? आईला बाधणार तर नाही ना?" बरीच वर्षं मी याचं एकच ठरलेलं उत्तर देत असे : "शक्यतो टाळा, कूलर बरा." आज कबूल करतो, ते उत्तर अर्धवट होतं. एका आजींमुळे ते माझ्या लक्षात आलं.

मे महिन्यातली दुपार होती. अकोल्यातला उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सत्तरी ओलांडलेल्या या आजींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. मुलगा त्यांना धरून दवाखान्यात घेऊन आला तेव्हा जीभ कोरडी, अंग तापलेलं आणि बोलणं जरा असंबद्ध होतं. दोन दिवस भरती ठेवावं लागलं. सुदैवाने वेळेत आल्या, बऱ्या झाल्या.

मी मुलाला विचारलं, "घरात कूलर, ए.सी. काही नाही का?" तो म्हणाला, "आहे ना डॉक्टर, दीड टनाचा आहे. पण आई लावूच देत नाही." आजी पलंगावरूनच म्हणाल्या, "अहो, रात्रभर तोंडावर गार झोत. मान आखडते, सकाळी डोळे चुरचुरतात. त्यापेक्षा उकाडा परवडला."

मुलाने मोबाइलवर खोलीचा फोटो दाखवला. ए.सी. आजींच्या उशीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. कारण काय, तर त्याच भिंतीपलीकडे गॅलरी होती, तांब्याचा पाईप कमी लागला आणि मेकॅनिकचं काम तासाभरात उरकलं. हजारो रुपयांचं यंत्र घरात होतं, पण ते बंद होतं, आणि ज्यांच्यासाठी घेतलं त्या आजी उष्माघाताच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचल्या होत्या.

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे : ए.सी. बाधतो अशी तक्रार असलेल्या बऱ्याच घरांत खरं तर ए.सी.ची जागा, त्याचं फिटिंग आणि तो वापरायची पद्धत बाधत असते. आणि ए.सी. कोणता घ्यायचा यावर आपण जितका विचार करतो, त्याच्या निम्मासुद्धा तो कुठे आणि कसा बसतो यावर करत नाही.

ए.सी. थंडी तयार करत नाही

आधी यंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. ए.सी. थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. विहिरीतून पाणी उपसणारा पंप असतो, तसा हा उष्णता उपसणारा पंप. म्हणूनच त्याला हीट पंप म्हणतात.

भिंतीवरच्या युनिटमध्ये एक थंड कॉइल असते. तिच्यातून वाहणारा गॅस खोलीची उष्णता शोषून घेतो. तांब्याच्या पाईपमधून तो बाहेरच्या युनिटमध्ये जातो, तिथे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो आणि आपली उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. मग पुन्हा आत येतो. उष्णता नुसती इकडून तिकडे न्यायची असल्यामुळे एक युनिट वीज खर्च करून तीन किंवा त्याहून जास्त युनिट उष्णता हलवता येते. ज्या ए.सी.त 'हॉट अँड कोल्ड' सोय असते, त्यात एक झडप ही दिशा उलटी करते. मग हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत येते.

यातून डॉक्टर म्हणून मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोन गोष्टी निघतात. पहिली : गॅस बंद नळ्यांतच फिरतो, तो वापरून संपत नाही. "दर वर्षी गॅस भरावाच लागतो" असं कोणी सांगत असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधायला सांगा. दुसरी आणि जास्त महत्त्वाची : घरातला साधा स्प्लिट ए.सी. बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा तो पुन्हा पुन्हा फिरवतो.

कूलरची सवय ए.सी.ला चालत नाही

आपल्या विदर्भात कूलर घरोघरी आहे. कूलरसाठी आपण खिडकी उघडी ठेवतो, कारण तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो आणि ती हवा बाहेर जायला वाट लागते. त्यामुळे कूलरच्या खोलीत हवा आपोआप बदलत राहते. मात्र जूनमध्ये हवा दमट झाली की पाणी नीट वाळत नाही आणि कूलर नुसती चिकट हवा फेकतो. शिवाय टाकीतलं साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांचं घर. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायलाच हवी.

ए.सी.चं उलट आहे. तो दारं-खिडक्या लावून चालवायचा असतो. लहान खोलीत चार माणसं रात्रभर झोपली की त्यांच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. सकाळी डोकं जड, अंगात आळस. याचं खापर आपण "गार हवे"वर फोडतो. खरं कारण शिळी हवा असू शकतं.

याहून गंभीर भाग जंतूंचा. घरात कोणाला फुप्फुसाचा टीबी असेल आणि उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर त्या व्यक्तीने इतरांबरोबर बंद ए.सी.च्या खोलीत झोपू नये. तिला उघड्या खिडक्यांची, खेळत्या हवेची खोली द्या. २०२० च्या जानेवारीत चीनच्या ग्वांगझू शहरातल्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाला. तिथे ताजी हवा जवळजवळ नव्हती आणि ए.सी.चा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता. हा धडा आम्हा डॉक्टरांनाही लागू आहे. खोकणाऱ्या रुग्णांनी भरलेली, काचा लावून गार केलेली वेटिंग रूम ही काही अभिमानाची गोष्ट नाही. मी माझ्या दवाखान्यात तिथे आता एक एक्झॉस्ट पंखा लावला आहे आणि खिडकीची एक फळी कायम उघडी असते. वीज थोडी जास्त जाते. जाऊ दे.

फिटिंगच्या दिवशी घरी थांबा

ए.सी. घ्यायच्या दिवशी सगळं घर दुकानात जातं. तो बसवायच्या दिवशी मात्र घरी एकटे आजोबा असतात. माझी विनंती आहे, हे उलट करा. आणि मेकॅनिक आल्यावर पुढच्या गोष्टी पाहा.

१. झोत कुठे जाणार? आतल्या युनिटची हवा झोपलेल्या माणसाच्या तोंडावर किंवा अंगावर थेट येता कामा नये. ती पलंगाला ओलांडून खोलीच्या मोकळ्या भागात जायला हवी. त्यासाठी दोन-तीन फूट पाईप जास्त लागला तर लागू द्या. वर छतापर्यंत पुरेशी जागा सोडायला सांगा, कारण हवा तिथूनच आत ओढली जाते.

२. टन किती? एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. "मोठा घेतला की लवकर गार होईल" हे खरं आहे, पण फार मोठा ए.सी. भराभर गार करून थांबतो आणि हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार पण चिकट लागते. वरचा मजला किंवा पश्चिमेची भिंत असेल तर मात्र थोडी जास्त क्षमता हवी.

३. पाणी कुठे जाणार? थंड कॉइलवर हवेतली ओल जमून पाणी होतं. दमट दिवसांत एका रात्रीत बादली भरू शकते. ड्रेन पाईपला सतत बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि त्याचं टोक पाण्यात बुडलेलं नको. उतार चुकला की पाणी आत साचतं, भिंत ओली होते आणि बुरशी धरते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या माणसासाठी ही बुरशी गार हवेपेक्षा कितीतरी त्रासदायक.

४. व्हॅक्यूम केलं का? पाईप जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंप लावून काढायची असते. घाईत काही जण थोडा गॅस सोडून हवा "ढकलून" देतात. माझ्याच घरी असं झालं. मी ओपीडीत होतो, घरी कोणी विचारलं नाही. आत राहिलेली ओल तेलात मिसळून कॉम्प्रेसर आतून खात राहते. तिसऱ्या उन्हाळ्यात ऐन मे महिन्यात आमचा ए.सी. बसला. म्हणून पंप आणला आहे का ते आधीच विचारा, आणि पंप काढल्यावर गेजचा काटा जागेवर राहतो का ते पाहा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासायला सांगा.

५. वीज. ए.सी.ला स्वतंत्र लाइन, योग्य जाडीची वायर, एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं. एक्स्टेंशन बोर्डवर ए.सी. कधीच नको. शॉक आणि आगीचं हे निमंत्रण आहे.

६. बाहेरचं युनिट. त्याला सावली आणि मोकळी हवा हवी. बंद डक्टमध्ये कोंबलं तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. आणि ती गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत जात नाही ना, हेही पाहा. आपली उष्णता उचलून शेजारच्या आजींच्या खोलीत टाकण्यात काय मिळवलं?

७. मेकॅनिक. चौथ्या मजल्याच्या बाहेर एका हाताने ग्रिल धरून, दुसऱ्या हाताने युनिट बसवणारा मुलगा तुम्हीही पाहिला असेल. सेफ्टी बेल्ट नसेल तर काम थांबवा. "रोजचंच आहे साहेब" असं तो म्हणेल. तरीही थांबवा. हाडांच्या वॉर्डात "रोजचंच होतं" म्हणणारे पुष्कळ असतात. त्याला घाई करू नका, पाणी द्या, दुपारी बारा ते चार गच्चीवर उभं करू नका. आपल्याला उष्माघात होऊ नये म्हणून दुसऱ्याला होऊ द्यायचा नसतो.

रिमोट हातात आल्यावर

आकडा किती ठेवायचा? रिमोटवर १८ केल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्र जास्त वेळ राबतं. जानेवारी २०२० पासून आपल्या देशात स्टार लेबल असलेले ए.सी. सुरू करताच २४ अंशांवर येतात, तशी सक्तीच आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. माझा सल्ला : २५ ते २७ अंश आणि सोबत छताचा पंखा हळू. पंख्यामुळे तेवढंच तापमान अंगाला आणखी गार वाटतं. अंगावर चादर घेऊन कुडकुडत १८ अंशांत झोपणं म्हणजे पैसे देऊन हिवाळा विकत घेणं.

नवजात बाळ असलेल्या खोलीतही ए.सी. चालतो. तापमान २६ ते २८ ठेवा, बाळाच्या अंगात कपडे असू द्या आणि झोत बाळाकडे नको.

जाळी दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवा, सावलीत वाळवून लावा. हे घरच्या घरी होतं. लक्षात ठेवा, ही जाळी डोळ्यांना दिसणारी धूळ अडवते, धुरातले बारीक कण नाही. म्हणून बंद ए.सी.च्या खोलीत डासांची कॉइल, अगरबत्ती, सिगारेट काहीच जाळू नका. ए.सी. बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवला की आतली कॉइल वाळते आणि कुबट वास येत नाही. वास येतच असेल तर समजा, आत बुरशी आहे. अत्तराची बाटली उपयोगाची नाही, आतल्या रोलरसकट सर्व्हिसिंग करून घ्या. बाहेरचं युनिट मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातला कपॅसिटर शॉक देऊ शकतो.

आणि दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं दार-खिडकी उघडा. रात्री दार फटीएवढं उघडं राहू द्या. थोडी गार हवा जाईल, पण ताजी हवा येईल.

"बाधतं" म्हणजे नक्की काय?

सर्दी विषाणूंमुळे होते, गार हवेमुळे नाही. पण दमा असलेल्यांच्या श्वासनलिका थंड, कोरड्या हवेने आकसू शकतात, हे खरं आहे. डोळे आणि त्वचा कोरडी पडते, हेही खरं. त्यावर उपाय म्हणजे झोत वळवणं, आकडा वाढवणं आणि पाणी पीत राहणं.

एक समज मात्र धोकादायक आहे. "उन्हातून आलेल्या माणसाला लगेच ए.सी.त नेऊ नका, झटका बसेल." ज्याला ऊन लागलं आहे, जो बरळतो आहे, ज्याचं अंग भट्टीसारखं तापलं आहे, त्याला ताबडतोब सर्वांत गार जागी न्यायचं. कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडा, पंख्याने वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

अजून एक भीती ऐकू येते, 'लिजनेअर्स' आजाराची. १९७६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका हॉटेलात जमलेल्यांमध्ये ही न्यूमोनियाची साथ आली होती आणि त्यातून नंतर हा जंतू सापडला. मोठ्या इमारतींच्या पाण्याच्या कूलिंग टॉवरमध्ये तो वाढू शकतो. घरच्या स्प्लिट ए.सी.त असा टॉवर नसतो, त्यामुळे ती भीती इथे बाळगायचं कारण नाही.

कोणासाठी ही चैन नाही

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे तेराशे मृत्यू जास्त झाले. त्यानंतरच, २०१३ मध्ये, त्या शहराने उष्णतेशी सामना करायची योजना आखली. उन्हाळ्यात मरणारी माणसं सगळीच भर उन्हात काम करणारी नसतात. बरीच घरातच, विशेषतः रात्रीही न निवणाऱ्या खोलीत, हळूहळू थकत जातात. वय झालेली माणसं, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीटा ब्लॉकर किंवा मानसिक आजारांवरची काही औषधं घेणारे, अंथरुणाला खिळलेले. यांची तहान, घाम किंवा दोन्ही नीट काम करत नाहीत. अशांसाठी रात्रीचे काही तास गार खोली हा उपचाराचाच भाग आहे. (गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांना भेटा.)

घरात एकच ए.सी. असेल तर तो कोणाच्या खोलीत बसतो, याचाही विचार करा. बहुतेक घरांत तो तरुण जोडप्याच्या बेडरूममध्ये असतो आणि आजी-आजोबा हॉलमध्ये पंख्याखाली. मे महिन्यापुरते तरी सगळे एका खोलीत गादी टाकून झोपा. दार फटीएवढं उघडं ठेवून.

हिवाळ्यात तोच ए.सी.

हॉट अँड कोल्ड ए.सी.ची गरज आपल्याकडे थोड्या ठिकाणी आहे. निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच झोंबते. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं सुचवते. सीओपीडीच्या रुग्णाला याचा उपयोग होतो. मुख्य म्हणजे यात खोलीत काही जळत नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्याने, किंवा हवा नसलेल्या बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे, कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस उठत नाही. शेगडी आणि हीट पंप यांत निवड करायची वेळ आली, तर हीट पंप निवडा. आणि ए.सी. नसेल तर जास्तीची गोधडी घ्या, शेगडी नको.

शेवटी

त्या आजींचा ए.सी. नंतर बाजूच्या भिंतीवर हलवला. पाईप आणि मजुरीचा खर्च आला, मुलगा जरा कुरकुरलाही. पुढच्या उन्हाळ्यात आजी रक्तदाब तपासायला आल्या तेव्हा मी विचारलं, "लावता का आता?" म्हणाल्या, "लावतो ना. सत्तावीसवर. अठरावर नातू लावतो, मी बंद करते."

आता माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर रुग्णांना मी औषधांबरोबर आणखी एक प्रश्न विचारतो : तुमचा पलंग कुठे आहे आणि ए.सी. कुठे? तुम्हीही आज रात्री घरातल्या मोठ्या माणसाच्या जागी पाच मिनिटं आडवं होऊन पाहा. झोत तोंडावर येत असेल तर त्यांनी ए.सी. बंद का ठेवला, ते तुम्हाला लगेच कळेल. उन्हाळा अजून दूर असेल तर फारच छान. मेकॅनिकला आत्ताच बोलवा, त्याच्याकडेही सध्या वेळ असेल.